प्लॅस्टिकचा दगड

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. वेळ नसेल तर रात्री वाचा.

परवा आणखी एका बाबाची बातमी आली. नाव लिहीत नाही. तुम्ही ही पोस्ट दोन महिन्यांनी वाचलीत तर तेव्हा दुसराच कुणीतरी असेल. बातमीखाली नेहमीचा शिमगा होता. "असल्या मूर्खांना असंच पाहिजे." "डिग्र्या घेऊन गाढवंच राहिली." "बायकांनाच हौस फार." लिहिणाऱ्यांत तिघं माझ्या यादीतले. त्यातले दोघं तर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांना माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे. म्हणून आजचं भांडण बाबाशी नाही. त्याच्याशी आहेच, ते चालू राहील. आज तुमच्याशी आहे. आणि काही वर्षांपूर्वीच्या माझ्याशीही.

निमित्त एका इंग्रजी कादंबरीचं. 'द रनिंग ग्रेव्ह'. रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावानं जे. के. रोलिंग लिहिते, त्या कॉर्मोरन स्ट्राइक मालिकेतलं हे सातवं पुस्तक, २०२३ साली आलेलं. नऊशेच्या वर पानं. (लेखिकेची बाकीची मतं काय आहेत यावर भांडायचं असेल तर वेगळी पोस्ट टाका, तिथे येईन.) मी ते खून कुणी केला हे बघायला उघडलं. अर्नाळकरांवर वाढलेली माणसं आम्ही, धडे-गोळाबेरीज चुकेल पण रहस्यकथा सुटणार नाही. खुनी कोण ते इथं सांगणार नाही, काळजी करू नका.

गोष्ट थोडक्यात अशी. सर कॉलिन एडेन्सर म्हणून एक निवृत्त बडे सरकारी अधिकारी. त्यांचा धाकटा मुलगा विल शिक्षण अर्धवट टाकून एका 'चर्च'मध्ये गेलाय. युनिव्हर्सल ह्युमॅनिटेरियन चर्च असं त्याचं गोंडस नाव. इंग्लंडमधल्या नॉरफोक भागात त्यांचं मोठं शेत आहे, तिथं सगळे राहतात. प्रमुखाला लोक 'पापा जे' म्हणतात. दिसायला देखणा, बोलायला मध. नटनट्या त्याच्या बाजूनं बोलतात, गरिबांसाठी वर्गणी गोळा होते. आतून बाहेर पडलेला एक तरुण या चर्चवर पुस्तक लिहायला घेतो आणि त्याच्याच खोलीत त्याला कुणीतरी गोळी घालतं. त्याच्याही बऱ्याच आधी, १९९५ साली, पंथातली एक लहान मुलगी समुद्रात बुडालेली असते. पंथानं तिला प्रेषिताचा दर्जा देऊन टाकलाय. आता तिच्याच नावानं आतल्यांना भीती घातली जाते.

विलची आई वारते, तरी तो येत नाही. बाप पोलिसांकडे गेला तरी काय होणार? पोरगा सज्ञान आहे, स्वखुशीनं गेलाय. शेवटी स्ट्राइकची भागीदार रॉबिन खोटं नाव घेऊन त्या शेतावर दाखल होते.

इथून पुढं पुस्तक मला रहस्यकथेसारखं वाचता आलं नाही.

आपल्याकडच्या, निदान मी वाचलेल्या रहस्यकथांत बाबा म्हणजे वेश असायचा. दाढी ओढली की खाली स्मगलर. सत्यजित राय यांच्या 'जय बाबा फेलुनाथ'मधले काशीचे मछलीबाबाही त्याच जातीचे, मूर्तिचोरीच्या टोळीतले. मला फेलुदा अतिशय आवडतो, पण तिथं भक्त ही नुसती गर्दी असते. हात जोडून बसलेली. ते तिथं का आले, परत का जात नाहीत, हे कुणी विचारत नाही. दाढी निघाली की भक्तांनी आपापल्या घरी जायचं, एवढंच त्यांचं काम.

खरे भक्त दाढी निघाल्यावर घरी जात नाहीत. २५ ऑगस्ट २०१७ ला पंचकुलाच्या सीबीआय न्यायालयानं डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. पुरावा कोर्टात तपासून झाला होता, पंधरा वर्षं लागली होती. त्या दिवशी भक्तांनी शहर पेटवलं, तीसहून जास्त माणसं मेली. आजही तो पॅरोलवर बाहेर आला की स्वागताची तयारी असते. याला 'मूर्खपणा' असं नाव दिलं की आपलं काम संपतं का? मला तरी त्या शब्दानं काही कळत नाही.

रोलिंगनं हेच उलगडून दाखवलंय, अगदी शिवण उसवावी तसं. पहिल्या दिवशी कुणी कुणाला धमकावत नाही. गाणी आहेत, हसरे चेहरे आहेत, 'तू किती संवेदनशील आहेस' असं सांगणारी माणसं आहेत. मग जेवण कमी होतं. झोप कमी होते. पहाटेपासून शेतावर काम, मग तासन् तास नामघोष, मग रात्री डायरीत स्वतःचे दोष लिहायचे. फोन नाही, पैसे जवळ नाहीत. आज वार कोणता हे कळेनासं होतं. रॉबिन दिवस मोजायला बारीक खडे गोळा करून लपवते. आई, बाबा, भाऊ ही नाती म्हणजे मालकी हक्काची घाण, असं शिकवतात. बाहेरच्या लोकांना एक शब्द ठरलेला: बुडबुड्यातली माणसं. शरीराचा नकारही मग 'अहंकार' ठरतो, आणि त्याच्या नावाखाली बायकांवर जे लादलं जातं ते वाचताना मी दोनदा पुस्तक मिटवलं. आजारी माणसाला डॉक्टर नाही, कारण आत्मा शुद्ध असेल तर आजार कसा होईल?

आणि रॉबिन कोण? शिकलेली, प्रशिक्षण घेतलेली, पगारी गुप्तहेर. आपण कशाला आलोय हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी काही आठवड्यांत तिला स्वतःच्याच डोक्याचा भरवसा वाटेनासा होतो. अर्धपोटी आणि अर्धझोपेत असलेल्या माणसाची अक्कल किती चालते, हे ज्याला बघायचंय त्यानं एखाद्या बाळंतिणीला विचारावं.

आता माझ्या घरचं सांगते.

माझी मावसबहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. गणिताची शिक्षिका, कडक. दहावीच्या पोरांच्या वह्या तपासताना लाल शाई संपवणारी. दाजी हार्टॲटॅकनं अचानक गेले. तेरा दिवस नातेवाईक होते, चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं. आम्हीही सांगलीला परत आलो, मुलांच्या शाळा होत्या. त्यानंतर महिनाभर तिच्याकडे रोज संध्याकाळी डबा घेऊन कोण यायचं? शेजारच्या गल्लीतली एक बाई. ती एका 'केंद्रा'त जायची. कुठलं ते लिहीत नाही. ती बाई काही बोलायची नाही, शेजारी बसून राहायची. अक्का मला फोनवर म्हणाली होती, "अगं, तिच्यासमोर रडता येतं." मी म्हटलं, जप हं, असले लोक पैशाला टपलेले असतात. म्हणजे महिनाभर जिनं डबा आणला तिला मी चोर म्हटलं, आणि मी स्वतः एकदाही डबा नेला नव्हता.

पुढं ती केंद्रात जायला लागली. मग पांढऱ्या साड्या आल्या, कांदालसूण गेला, फिक्स मोडली गेली. त्या दिवाळीला मामांनी भरल्या पंगतीत विचारलं, "काय मॅडम, गुरुजींनी आज पायथागोरस शिकवला की नाही?" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले असेन. ती ताटावरून उठली नाही. शांतपणे जेवली, पान उचललं, आणि पुढच्या दिवाळीला आली नाही. वर्षभरात नोकरीचा राजीनामा देऊन ती तिकडंच राहायला गेली.

मामा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. साहेब सभ्य होते. चहा पाजला. म्हणाले, "बाई सज्ञान आहेत. त्यांची तक्रार आहे का? नाही ना? मग आम्ही काय करणार?" तेव्हा मला राग आला होता. आज तसा येत नाही. डॉ. दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो कायदा मोलाचाच आहे. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत: नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, दैवी शक्तीचा दावा करून लैंगिक शोषण. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण 'बहिणीचा फोन आला तर घेऊ नकोस' असं हळू आवाजात सांगणं त्या यादीत बसत नाही. आणि खरं सांगू? ते बसावं अशी मागणी करायला मी कचरते. सज्ञान बाईला 'भरकटली' म्हणून घरी ओढून आणायचा अधिकार नातेवाइकांना दिला, की तो पहिल्यांदा वापरला जाईल जातीबाहेर लग्न केलेल्या पोरींवर. आपण आपल्याला ओळखतो.

मग उरतं काय? तर कादंबरीत एक प्लॅस्टिकचा दगड आहे.

शेताच्या कुंपणाच्या आत, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागी, स्ट्राइकच्या माणसांनी एक पोकळ, खोटा दगड ठेवलाय. आत छोटी बॅटरी, पेन, कागद. आठवड्यातून एका रात्री रॉबिननं चोरून यायचं, पत्र लिहायचं, आलेलं पत्र वाचून फाडून टाकायचं. आणि एखाद्या वेळी पत्र आलं नाही, तर बाहेरच्यांनी तिला काढायच्या तयारीला लागायचं. बस्स. साडेनऊशे पानांच्या पुस्तकात मला सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच वाटली. कुंपणापलीकडे आपली वाट बघणारं कुणीतरी आहे, ते प्रश्न विचारून छळणार नाही, आणि 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' असंही म्हणणार नाही, एवढं तो दगड आतल्या माणसाला सांगत असतो.

डेऱ्याचं प्रकरणही अशाच एका कागदानं फुटलं होतं. २००२ साली आतल्या एका साध्वीनं पंतप्रधानांना निनावी पत्र लिहिलं. सिरसाच्या रामचंदर छत्रपती नावाच्या पत्रकारानं ते आपल्या 'पूरा सच' या छोट्या दैनिकात छापलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्यावर घरासमोर गोळ्या झाडल्या गेल्या, नोव्हेंबरात ते गेले. त्या बाईला आपण 'मूर्ख भक्तीण' म्हणणार आहोत का? ती आतच होती. पत्र लिहीपर्यंत, आणि कदाचित नंतरही काही काळ, ती तीच पांढरी साडी नेसत असेल. छत्रपतींनी तिला हसून विचारलं नाही की बाई, तू तिथं गेलीसच कशाला.

मी मात्र तेच विचारलं. ऑगस्ट २०१९, आपल्या सांगलीत पाणी आलेलं. तुम्हाला ते दिवस सांगायची गरज नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलेलो, फोनला चार टक्के चार्ज. अनोळखी नंबरवरून फोन आला. "पाणी कुठवर आलंय गं?" अक्काचा आवाज. कुणाच्या तरी फोनवरून, चोरून केला असणार हे मला आज कळतंय. मी काय म्हटलं? "आता आठवण झाली का?" पलीकडं दोन क्षण काही नाही, मग फोन बंद झाला. नंतर त्या नंबरवर लावला तर कुणी पुरुष म्हणाला, राँग नंबर.

दगड तिनं ठेवला होता. लाथ मी मारली.

काहीजण म्हणतील, म्हणजे भक्तांना दोषच द्यायचा नाही? पंचकुलात गाड्या जाळणाऱ्यांवर खटले भरा, जरूर भरा. बाबाला तुरुंगात टाका आणि तिथंच ठेवा. चमत्काराचे दावे चौकाचौकात उघडे पाडा, मी खुर्च्या लावायला येईन. पण ज्या घरातलं माणूस आत आहे त्या घराला तुमच्या 'असंच पाहिजे'नं काय मिळतं, हे मला सांगा. बाबा आत रोज सांगत असतो की बाहेरचे तुला हसतात, त्यांना तू नको आहेस. तुम्ही बाहेरून रोज त्याला पुरावा पुरवता. फुकट. त्याच्या प्रचारकांनाही एवढं जमत नाही. आणि आतली माणसं फोन वापरतच नाहीत असं समजू नका. कुणाच्या तरी हातात तो कधीतरी येतो, आणि तेव्हा ती सगळ्यात आधी काय शोधत असतील? आपल्याबद्दल लोक काय म्हणतात ते.

कादंबरीवरही माझी एक तक्रार आहे. शेवटी ती रहस्यकथाच आहे, तिला खुनी सापडावा लागतो आणि तो सापडतो. चांगला सापडतो, मला ओळखता आला नाही. पण खुनी सापडला म्हणून आतून आलेल्या माणसांचं पुढं काय, त्यांना झोप लागते का, दुकानात जाऊन स्वतःच्या मनानं साबण निवडता येतो का, हे थोडं घाईत उरकलंय. ते वाचायला मला आणखी शंभर पानं चालली असती.

गेल्या वर्षापासून मी केंद्राच्या पत्त्यावर अक्काला दर महिन्याला पोस्टकार्ड टाकते. उघडं कार्डच, म्हणजे वाचणाऱ्यांना काही लपवलंय असं वाटायला नको. त्यात घरी ये असं लिहीत नाही. गुरुजींबद्दल चकार शब्द नाही. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गणपतीला पाऊस होता, धाकटीला गणितात ६२ पडले आणि ती तुझ्या नावानं बोटं मोडते. खाली माझा नंबर. तो बदललेला नाही आणि बदलणार नाही. अजून उत्तर नाही. कार्ड तिच्या हातात पडतं की कचऱ्यात, तेही कळायला मार्ग नाही.

ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी मला मेसेज करा, नाव कुठंही जाणार नाही. आणि पुस्तक हवं असेल तर घेऊन जा. मात्र परत आणून द्या, जाड आहे, महागात पडलंय.