आंत प्रार्थना, बाहेर पेत्र

प्रेषितांच्या कृत्यांच्या १२ व्या अध्यायांतील एक प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं रविवारच्या शाळेंत ऐकला असेल. हेरोद राजानें याकोबाचा वध करविला व पेत्रास बंदींत टाकिलें. त्याच्यावर चार चार शिपायांच्या चार टोळ्या पहाऱ्यास होत्या. इकडे मार्काची आई मरीया हिच्या घरीं पुष्कळ लोक रात्रीं जमून प्रार्थना करीत होते. त्याच रात्रीं पेत्र सुटला, अंधारांतून त्या घराशीं आला, आणि त्यानें दिंडीवर थाप मारिली. रुदा नांवाची मुलगी कानोसा घेण्यास आली. तिनें आवाज ओळखला, पण आनंदाच्या भरांत दार न उघडतांच ती आंत धांवली. आंतील थोर मंडळींनीं तिला वेड्यांत काढिलें. ती हट्टास पेटली तेव्हां तो पेत्राचा देवदूत असावा अशी स्वतःची समजूत करून घेतली. हा सारा वाद चालला असतां पेत्र रस्त्यावर उभा राहून ठोठावीतच होता.

उपदेशक ह्या प्रसंगाकडे बहुधा तुरुंगाच्या बाजूनें पाहतात, आणि तें योग्यच आहे. आम्हांस मात्र अलीकडे दुसरीच गोष्ट टोंचूं लागली आहे. तुरुंगाचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. प्रार्थना करणाऱ्यांची दिंडी तेवढी माणसाच्या हातानें उघडावी लागली, आणि उशीर झाला तो तेथेंच झाला.

ही गोष्ट आम्हांस कां टोंचते तें सांगणें भाग आहे. आमची मंडळी जुनी आहे. उपासनेच्या वेळीं जी दीर्घ प्रार्थना होते तींत एक विनंति ठरलेली असते: प्रभूनें नवीन जीव ह्या मंदिरांत आणावे. ही विनंति आम्ही बाळपणापासून ऐकत आलों, आणि आतां पाळी येते तेव्हां स्वतःही करतों. दोन वर्षांपूर्वीं भर पावसाळ्यांत एका रविवारीं एक कुटुंब आलें: नवराबायको, दोन मुलें आणि एक म्हातारी. इमारतीच्या कामासाठीं तीं मराठवाड्यांतून आलीं होतीं, असें मागाहून कळलें. त्यांनीं चपला दाराशीं काढिल्या. ओल्या छत्र्या कोठें ठेवाव्या तें कोणीं सांगितलें नाहीं, म्हणून त्या हातांतच धरून तीं उजवीकडच्या चवथ्या बांकावर बसलीं. त्या बांकावर आमच्या घरचीं माणसें तीन पिढ्या बसत आलीं आहेत. त्याच्यावर नांव कोरलेलें नाहीं, कीं त्याची पावती फाडलेली नाहीं. पण मंडळींत तें सर्वांस ठाऊक आहे. आम्ही थोडे उशिरां पोंचलों आणि अगदीं सभ्य आवाजांत म्हणालों, "जरा मागें बसतां का? ही आमची जागा आहे."

"चुकलं साहेब," असें म्हणून तो गृहस्थ तात्काळ उठला. म्हातारीस उठावयास मात्र वेळ लागला.

त्या दिवशीं दीर्घ प्रार्थना आमच्याकडेच होती. ती नेहमींची विनंति आम्ही नेहमींच्याच शब्दांत केली, आणि सर्वांनीं आमेन म्हटलें. पुढच्या रविवारीं तें कुटुंब शेवटच्या बांकावर बसलें. गीतांचें पुस्तक त्यांच्या हातीं कोणीं दिलें नाहीं. तिसऱ्या रविवारीं तें आलें नाहीं.

कित्येक बंधु म्हणतात, "त्यांस कोणीं हांकून तर दिलें नाहीं ना? ज्याला देव हवा तो दोन वेळां मागें बसेल." हें बोलणें आम्हांस पटत नाहीं. मागें बसण्याचें दुःख काय असतें तें ठरविण्याचा अधिकार पुढें बसणाराला नाहीं. शिवाय आपण सर्व येथें केव्हां आलों, ह्याचाही हिशेब करावा. अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ सालीं उतरले. अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास) त्यांचें ठाणें १८३१ सालीं झालें. आमच्यांतील जुन्यांत जुन्या घराण्याचा मूळ पुरुषही एका रविवारीं नवखाच होता, आणि कोणीं तरी सरकून त्यास जागा दिली असली पाहिजे. तीन पिढ्यांचा आमचा मान तो एवढाच.

दुसऱ्या टोंकाची चूकही होते. नवीन माणूस दिसतांच त्यास उभें करावयाचें, टाळ्या वाजवावयाच्या, त्याच्या संकटाची चवकशी चारचौघांत करावयाची, आणि पुढच्या महिन्यांत बाप्तिस्म्याची तारीख काढावयाची! नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो १९०० सालीं घेतला. मधलीं पांच वर्षें कशीं गेलीं तें 'स्मृतिचित्रें' ह्या पुस्तकांत आहे, आणि वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं तें अवश्य वाचावें. प्रथम त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढें नगरास आल्यावरही सोवळेंओवळें पाळीत होत्या. त्यांचा निश्चय त्यांच्याच मनांत आणि त्याच्याच वेळीं झाला. पांच वर्षें दार उघडें ठेवून स्वस्थ राहणें, हाही स्वागताचाच प्रकार आहे.

प्रार्थनेविषयीं येथें एक कडवट गोष्ट बोलून टाकतों. आमच्यांतील कांहीं प्रार्थना प्रार्थना नसून वर्तमानपत्रें असतात. 'प्रभो, तुला ठाऊक आहेच कीं' असा आरंभ करून अमक्याच्या मुलाची नोकरी सुटली, तमकीच्या घरीं भांडण झालें, हें सर्व सांगितलें जातें. प्रभूस ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें शेजारच्या बांकास. नवीन माणूस हें ऐकून मनांत धरतो कीं आपलें दुःख येथें सांगूं नये. त्याच्यासाठीं प्रार्थना करावयाची तर आधीं त्याचें नांव विचारावें, मग त्याची संमति घ्यावी, आणि बहुतेक वेळां ती प्रार्थना घरीं, दार लावून करावी.

केडगांवच्या मुक्ति मिशनांत १९०५ सालीं प्रार्थनेची जी मोठी जागृति झाली, तिचें वर्णन आमच्या मंडळींत आवडीनें केलें जातें. पण पंडिता रमाबाईंनीं त्याच्या आठ वर्षें आधीं काय केलें होतें? १८९७ सालीं दुष्काळांतील उपाशी मुली मध्यप्रांतांतून आणून त्यांनीं त्यांस आसरा दिला होता. त्या मुलींचें शरीर, भाषा, संवयी सर्व परकीं होतीं. आधीं ताटें वाढलीं गेलीं. हा क्रम आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

आपल्या मराठी भाषेनें ह्या कामीं एक सोय करून ठेविली आहे. इतर पुष्कळ भाषांत जेथें एकच शब्द आहे, तेथें आपल्याजवळ 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन आहेत. 'आम्ही' म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलें कीं तो आंत येतो. देवाशीं बोलतांना 'आमच्या' म्हणणें बरोबरच आहे, कारण देव कांहीं आमच्यापैकीं एक नव्हे. पण प्रार्थना आटोपून डोळे उघडल्यावर शेजारच्या नवख्या माणसाशींही आम्ही तोच शब्द वापरतों: आमच्या मंडळींत असें करतात, आमच्यांत बायका त्या बाजूस बसतात. 'आपल्या मंडळींत' असें म्हणण्यास कांहींच खर्च येत नाहीं, आणि तरी तें आमच्या तोंडून निघतां निघत नाहीं. हा लेख लिहितांनाही 'आम्ही' हा शब्द किती वेळां लिहिला, तें वाचकांनीं मोजूं नये अशी विनंति आहे.

विद्यार्थी मित्रहो, ती थाप कोणीं ऐकिली, हें लक्षांत घ्या. घरांत वडील माणसें पुष्कळ होतीं, पण दाराशीं गेली ती रुदा. बोर्डिंगांतील पहिली संध्याकाळ तुमच्यापैकीं अनेकांस आठवत असेल: ट्रंक कोठें ठेवावी, नळ कोणता, जेवणाच्या पंगतींत कोणाच्या शेजारीं बसावें, कांहींच कळत नाहीं. म्हणून मंदिरांत असा चेहरा तुम्हांस आमच्याआधीं ओळखूं येतो. गीतांचें पुस्तक घेऊन जा, पान काढून द्या, छत्री ठेवण्याचा कोपरा दाखवा. तेवढ्यासाठीं वडिलांची परवानगी लागत नाहीं. रुदाची एकच चूक झाली, ती मोठ्यांस विचारावयास गेली. आणि पालकांस आमचें सांगणें असें कीं, मुलगा उपासनेच्या मध्येंच उठून मागें गेला तर डोळे वटारण्यापूर्वीं तो कोणाकडे गेला तें वळून पाहावें.

आमच्या घरापुरतें सांगावयाचें तर, चवथ्या बांकावर आम्ही आतां भिंतीकडे सरकून बसतों, आणि वाटेकडच्या दोन जागा मोकळ्या असतात. त्यावरून घरांत जी कुरकुर सुरू झाली ती अजून संपलेली नाहीं. उन्हाळ्यांत पंख्याचा वारा भिंतीपर्यंत येत नाहीं, ही तक्रार तर खरीच आहे. कधीं कोणी येऊन तेथें बसतें, कधीं जागा रिकामी राहते. तें कुटुंब पुन्हां आलें नाहीं. आम्ही एकदां त्या इमारतीवर जाऊन आलों. काम पुरें झालें होतें, खिडक्यांस कांचा बसल्या होत्या, आणि मजूर कोणत्या गांवीं गेले तें पहारेकऱ्यास ठाऊक नव्हतें.