कोरडा नळ आणि चालू भाडे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी भाड्याच्या घराचा अनुभव समाजास फारसा नसावा. एरवी त्या म्हणीत ‘घर पाहावे भाड्याने राहून’ अशी तिसरी अट कोणीतरी खचित घातली असती. मुंबईच्या कोणत्याही जुन्या वस्तीतील एखाद्या चार मजली इमारतीचे उदाहरण घ्या. ऐन वैशाखात पाण्याची मोटार जळते. महापालिकेचे पाणी नेमल्या वेळी तळटाकीत येऊन पडते. पण ते गच्चीवरील टाकीत चढविणारे कोणी उरत नाही. वरच्या मजल्यावरील सत्तरीच्या आजीबाई हातात कळशी घेऊन, दिवा नसलेल्या जिन्यावरून कठडा चाचपडत खाली उतरतात. पहिला दिवस एकमेकांस विचारण्यात जातो, दुसरा घरमालकाच्या मुनिमास गाठण्यात आणि तिसरा भांडणात. चौथ्या दिवशी बिऱ्हाडकरू वर्गणी काढून टँकर मागवितात. महिना संपताच भाड्याची पावती मात्र बिनचूक दाराशी येते.

एवढ्याशा मोटारीसाठी वर्तमानपत्राने पहिल्या पानावरील जागा खर्ची घालावी काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टीवाचून माणसास चोवीस तास काढता येत नाहीत ती लहान नव्हे. आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या दिवसांतील एक विद्यार्थी आम्हांस आठवतो. तो प्रार्थनेला हटकून उशिरा येई आणि आम्ही त्यास हटकून उभे करीत असू. घरी पाणी वर चढत नाही आणि आई आजारी असल्यामुळे पाच बादल्या भरूनच निघावे लागते, हे कारण त्याने दोन महिन्यांनी, तेही फार विचारल्यावर सांगितले. शिक्षा आम्ही दिली होती त्याला. वस्तुतः ती पात्र होती दुसऱ्याच कोणाला. ती कोणाला, हा प्रश्न आमच्या मनातून अद्यापि गेलेला नाही, आणि आजचा लेख त्याच प्रश्नासंबंधी आहे.

थंड हवेच्या देशांत हाच प्रश्न घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेच्या रूपाने उभा राहतो. तेथे हिवाळ्यात ती यंत्रणा बंद पडली तर म्हातारेकोतारे आणि तान्ही मुले यांच्या जिवावर बेतते. म्हणून तेथील कायद्याने त्याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. इंग्लंडात १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यात खोल्या तापविण्याची व पाणी गरम करण्याची साधने दुरुस्त व चालू स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य ठरते. न्यूयॉर्क शहराने तर आकडाच सांगून टाकला आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की घरात किमान ६८ अंश ऊब असलीच पाहिजे. रात्री बाहेर काहीही असो, आत ६२ अंश हवेत. घरमालक हालला नाही तर तातडीची दुरुस्ती नगरसंस्था स्वतः करून घेते आणि तिचे बिल मालकाच्या नावे लावते. भिंतीवरचा तापमापक पाहून कोणाचे चुकले हे शाळकरी पोरासही सांगता येते. जेथे आकडा असतो तेथे वादास जागा कमी उरते.

आमच्याकडे काय आहे? कायदा नाही असे म्हणण्याची सोय नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या १४ व्या कलमाने, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोग्या दुरुस्त स्थितीत ठेवण्याचे बंधन घरमालकावर घातले आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूंनी एकेकट्याने किंवा मिळून ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा, अशीही मुभा आहे. मात्र एका वर्षात कापावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. २९ वे कलम त्याहून कडक आहे. पाणी, वीज, जिन्यातील व बोळातील दिवे, उद्वाहन आणि सफाई या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडण्यास वा रोखून धरण्यास तेथे मनाई आहे. मालकाने बिल थकविल्यामुळे अधिकाऱ्यांनी पुरवठा तोडला, तरी तो मालकानेच रोखला असे समजले जाते. न्यायालयाने ठरवून दिलेल्या तारखेस सेवा पूर्ववत् झाली नाही तर त्यापुढे दर दिवसास शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वाचकांनी या तरतुदी मोटारीच्या उदाहरणास लावून पाहाव्यात. नोटिशीचे पंधरा दिवस गेल्यावर ‘वाजवी मुदत’ सुरू होते. ती किती, हे कायदा सांगत नाही. तहानेस मात्र पंधरा दिवसांची नोटीस देता येत नाही. समजा, इमारतीत चाळीस बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचे भाडे दरमहा दोनशे रुपये आहे. प्रत्येकाच्या वर्षाच्या २,४०० रुपयांचा चतुर्थांश ६००, म्हणजे सर्वांनी मिळून कापता येतील ते २४,००० रुपये. एवढ्यात मोटार कदाचित नीट होईल. पण कुजलेल्या जलवाहिन्या, गळकी टाकी, किंवा मध्येच अडकून राहणारे उद्वाहन? आणि या सर्वांसाठी लघुवाद न्यायालयाची पायरी चढावयाची म्हटले, तर वकिलाची फी आणि रजेचे दिवस यांचा हिशोब कोणी करावयाचा? शंभर रुपयांच्या दंडाबद्दल तर काय बोलावे! आजच्या महागाईत एवढी रक्कम कोणासही जागे करू शकणार नाही.

तथापि घरमालकास दोन शब्द सुनावून मोकळे होणे सोपे असले तरी प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील टंचाईवर उपाय म्हणून भाडी गोठविली गेली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते त्यास प्रमाण मानले, आणि तात्पुरता म्हटलेला तो बंदोबस्त पन्नास वर्षे टिकला. अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की, प्रमाणभाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत. नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मोकळीक दिली खरी. पण मुळातच जे भाडे पन्नास रुपये होते ते पंचवीस वर्षांत दीडशेपर्यंतही जात नाही. ज्या रकमेत आज एका माणसाचे साधे जेवण होत नाही, त्या रकमेत महिनाभर इमारत सांभाळा असे मालकास सांगणे म्हणजे गाय दुभती राहावी पण तिला चारा पडू नये, असे म्हणण्यासारखे आहे. यामुळे जिन्यातला दिवा लावणे हीसुद्धा अनेक मालकांस उधळपट्टी वाटू लागली, आणि इमारत पडली तर जमीन मोकळी होईल हा विचार काहींच्या मनात शिरला. पागडीच्या खोलीचे हस्तांतर होताना आपला वाटा चोख मोजून घेणारा मालक दुरुस्तीच्या वेळी गरिबीचे पाढे वाचतो, हेही आम्ही जाणतो. पण मूळ हिशोबच चुकीचा मांडला असेल, तर त्याचे उत्तर बरोबर येणार कोठून?

शिवाय भाडेकरूही सर्वस्वी निर्दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. तळटाकीतून स्वतःच्या घरापुरती चोरटी मोटार लावून पाणी ओढणारा, नळ गळत असता वरच्या मजल्यावरून खालच्याच्या भिंती भिजू देणारा, प्लंबर दाराशी आला की ‘आज सोय नाही’ म्हणून त्यास परत पाठविणारा भाडेकरू कोणी पाहिला नाही? मालकास कळवावयाचे ते तोंडी, तेही जिन्यात भेट झाली तर. आणि मग वर्षभर त्याच्या नावाने बोटे मोडावयाची, ही आमची सर्वसाधारण रीत आहे. दुरुस्ती होत नाही म्हणून भाडेच बंद करणारे तर आपल्या हाताने मालकाच्या हाती शस्त्र देतात. १५ व्या कलमाचे संरक्षण भाडे देणाऱ्यास व देण्यास तयार असणाऱ्यास आहे. मर्यादेत राहून कापून घेणे वेगळे आणि थकविणे वेगळे, हा भेद प्रत्येक बिऱ्हाडकरूने ध्यानात ठेवला पाहिजे.

ठरावीक महिन्यांच्या परवानगी-कराराने राहणाऱ्या नव्या पिढीची स्थिती आणखी निराळी आहे. ही मंडळी बाजारभावाने भाडे देतात, अनामत रक्कम भरतात, आणि अकरा महिन्यांनी बाहेर काढले जाण्याच्या भयाने बिघाडाविषयी तोंड उघडत नाहीत. त्यांचा आधार म्हणजे त्यांचा करार. तो लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी ५५ व्या कलमाने मालकावरच टाकलेली आहे. पण छापील नमुन्यावर सही करताना मोटार कोणाची, गिझर कोणाचा, हे कोण विचारतो? केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मान्य केलेल्या नमुना भाडेकरार कायद्यात अशी वाटणी करून दाखविली आहे. मोठी दुरुस्ती, जलवाहिन्या बदलणे व विजेच्या तारा बदलणे मालकाकडे. नळ, गिझर, बटणे, कुलपे यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. म्हणजे गिझर जळला तर भाडेकरूने खिशात हात घालावा, आणि भिंतीतली तार जळल्यामुळे तो चालत नसेल तर मालकाने. हा विवेक आम्हांस पटतो. अर्थात हा केवळ नमुना आहे; राज्याने तो स्वीकारल्यावाचून त्यास कायद्याचे बळ येत नाही. परंतु आपल्या करारास तशी यादी जोडण्यास कोणत्याही मालकास वा भाडेकरूस आजही मज्जाव नाही.

या सर्वांतून आम्हांस तीन गोष्टी कराव्याशा वाटतात. पहिली विधिमंडळाने करावयाची. ‘वाजवी मुदत’ या शब्दांच्या जागी आकडे यावेत : पाणी आणि जिन्यातील दिवे यांस दोन दिवस, उद्वाहनास आठ दिवस, आणि दंड असा की जो दुरुस्तीहून महाग पडेल. दुसरी महापालिकेने करावयाची. मुदत टळली की तिच्या प्रभाग कार्यालयाने दुरुस्ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च मालमत्ताकराबरोबर वसूल करावा. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. पण त्याचे काम मुख्यतः इमारत उभी ठेवण्याचे आहे, जळलेल्या मोटारीसाठी त्याच्या दारी जाता येत नाही. तिसरी गोष्ट भाडेकरूंनी मान्य करावयाची, आणि ती आमच्या पुष्कळ वाचकांस रुचणार नाही हे आम्ही जाणून आहोत. इमारत राखण्यास खरोखर जो खर्च येतो तो भाड्याहून वेगळा, सर्वांनी मिळून दिला पाहिजे. तो मालकाच्या खिशात न जाता दोन्ही पक्षांच्या सह्यांनी चालणाऱ्या खात्यात जमावा, आणि जे सर्वथा असमर्थ आहेत त्यांचा भार सरकारने उचलावा. अनेक जुन्या भाडेकरूंच्या घरी आज दोन-दोन मिळवते आहेत. टँकरची वर्गणी ते निमूटपणे देतात. तीच रक्कम वेळीच मोटारीवर खर्च झाली असती तर टँकर आलाच नसता.

याला उशीर झाला तर काय होते, हे या शहराने पाहिले आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या एका दुर्घटनेची कारणे काहीही असोत; परंतु जुन्या इमारती सहसा एका दिवसात मरत नाहीत. आधी दिवा जातो, मग पाणी भिंतीत मुरू लागते, मग लोखंड गंजते, आणि शेवटी ‘अतिधोकादायक’ अशी पाटी दारावर येते. पहिल्या दिव्याच्या वेळी जी चूक कोणाची हे ठरले नाही, ती शेवटी सर्वांच्या डोक्यावर पडते.

मालक आणि भाडेकरू यांचे नाते आमच्या कायद्याने आजवर वादी-प्रतिवादीचे मानले. पण ते मुळात एका छपराच्या दोन राखणदारांचे आहे. हे उमगेपर्यंत निदान एवढे तरी करता येईल : ज्यांच्या इमारतीत काही बंद पडले आहे त्या बिऱ्हाडकरूंनी आज सायंकाळी एकत्र बसून, तारीख घालून, सर्वांच्या सह्यांनिशी मालकास पत्र लिहावे, आणि ज्या मालकास ते मिळेल त्याने वकिलाकडे जाण्यापूर्वी एकदा तो जिना स्वतः चढून पाहावा, आणि जमल्यास हातात भरलेली कळशी घेऊन.