धान्यत्याग आणि वेळ अमावस्येचा अपवाद

ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ अशा गवतवर्गीय वनस्पतींच्या दाण्यांना तृणधान्ये म्हणतात, आणि वजन किंवा रक्तातील साखर आटोक्यात आणण्यासाठी ती आहारातून पूर्णपणे वगळणाऱ्यांचा एक पक्ष लातूर-नांदेडसारख्या भाकरीच्या मुलखातही आढळतो. या पक्षातील कडव्या मंडळींचे म्हणणे असे की, एकदा धान्य सोडले की सणावारीसुद्धा एक घास चालत नाही, कारण त्या एका घासाने आधीची सारी मेहनत वाया जाते. या मताच्या मुळाशी शरीरशास्त्रापेक्षा व्रताची कल्पना अधिक आहे. एकादशीला चुकून भात खाल्ला तर व्रत मोडते, हे श्रद्धेच्या क्षेत्रात सुसंगतच आहे. पण स्वादुपिंडाला संकल्प ठाऊक नसतो, त्याच्या दृष्टीने किती खाल्ले आणि कितीदा खाल्ले एवढेच महत्त्वाचे असते.

कडव्या पक्षाचा हुकमी पुरावा म्हणजे वजनकाटा. सणाचे जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वाढलेले दिसते, हे खरेच आहे. मात्र यकृत आणि स्नायू जादा साखर ग्लायकोजेन या रूपात साठवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. त्यामुळे धान्य सोडल्यावर पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारे वजन जसे बरेचसे पाण्याचे असते, तसेच सणानंतर चढणारेही. एक किलो चरबी साठण्यासाठी सुमारे 7700 किलोकॅलरी जादा पोटात जाव्या लागतात, आणि वाढणाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी एका पंगतीत तेवढे साधणे अवघडच.

याच्या उलट टोकाला आठवड्यातून एक दिवस 'सूट' घेणारे आहेत, आणि त्यांचे समर्थनही टिकत नाही. लग्नसराईत बारसे, साखरपुडा, वास्तुशांत यांची आमंत्रणे एकामागून एक येत असताना सुटीचा वार सरकत राहतो, आणि मग अपवाद कोणता व नियम कोणता हे घरच्यांनाही सांगता येत नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून जी आहारपद्धती लोकप्रिय केली, तिच्यात भाकरीला बंदी नाही; दिवसातून दोनदाच जेवावे आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटोपावे, असे तिचे बंधन आहे. तिचे सगळे दावे मान्य नसले तरी एक गोष्ट तिच्याकडून घेण्याजोगी आहे: सूट द्यायची ती एका बैठकीला द्यावी, अख्ख्या दिवसाला नव्हे.

तिसरी पळवाट फराळाची, आणि ती सर्वांत फसवी. साबुदाणा हे धान्य नव्हे, कसाव्याच्या कंदाचे जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. त्यात प्रथिने एक टक्काही नसतात, तर ज्वारीत प्रथिने आणि तंतू प्रत्येकी सुमारे 10 टक्के असतात. उपवासाला चालणारी भगर तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तृणधान्यच आहे. धान्य वर्ज्य म्हणून साबुदाणा वडे खाणाऱ्याने साखरेच्या बाबतीत भाकरीपेक्षा वाईट सौदा केलेला असतो, वर तेल वेगळेच.

तेव्हा अपवाद हवा, पण तो आपल्या सोयीने नव्हे, पंचांगाने ठरवलेला असावा. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, घरेच्या घरे रानात जातात, कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते आणि ज्वारीच्या पिठाचे ताकातले आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी यांच्या जोडीला भज्जी वाढली जाते. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा आणि पालेभाज्या चिंचेच्या कोळात बेसन लावून दाट शिजवलेला तो पदार्थ आहे, आणि त्यात तृणधान्याचा दाणाही नसतो. म्हणजे या पंगतीला बसणाऱ्या धान्यत्याग्याचे निम्मे ताट आधीच त्याच्या नियमात बसते, आणि उरलेल्या निम्म्यासाठी त्याने वर्षातून एकदा नियम बाजूला ठेवला तर बिघडत नाही. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये ओंजळीत पडणारा कणीक, तूप आणि साखरेचा कडाह प्रसाद नाकारून कमावण्यासारखेही फारसे काही नाही. खरी हानी करतात ती रोजच्या चहाबरोबरची खारी आणि टोस्ट, ज्यांना अपवादात मोजायचे कुणाच्या मनातही येत नाही.

ही मोकळीक मात्र सर्वांना लागू नाही. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते त्या सिलिॲक रोगात अपवादाला जागाच नाही. अशा रुग्णाला गव्हाची भेसळ नसलेले आंबील आणि उंडे चालतात, पण खीर किंवा प्रसादाचा कणही चालत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्या मधुमेह्याने येळवशीच्या पंगतीला बसण्यापूर्वी, आणि मुळात धान्य सोडण्यापूर्वीही, औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, कारण धान्य सोडले आणि मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.