सुट्टी परत आली, एकात्मतेचे काय?

काठमांडूच्या सिंहदरबारासमोर पृथ्वीनारायण शाह यांचा पुतळा उभारलेला आहे. त्याची तर्जनी आकाशाकडे उंचावलेली आहे. ते एकच बोट म्हणजे ‘एक राष्ट्र’ हा संकेत, असे नेपाळच्या अनेक पिढ्या शिकत आल्या. विक्रम संवतातील पौषाचा सत्ताविसावा दिवस, म्हणजे साधारणपणे ११ जानेवारी, ही या राजाची जयंती. नेपाळात ती ‘राष्ट्रीय एकता दिवस’ म्हणून साजरी होत असे. पुतळ्याला हार, शाळांतून भाषणे, सरकारी समारंभ आणि देशभर सुट्टी असा तिचा थाट होता. २००६ साली सत्तेचे वारे फिरले, सुट्टी रद्द झाली आणि हा दिवस हळूहळू समाजाच्या दिनदर्शिकेतूनही पुसट होत गेला. असे का झाले, हा प्रश्न केवळ नेपाळचा नाही.

पृथ्वीनारायण १७४३ साली गोरखा या लहानशा डोंगरी राज्याच्या गादीवर बसले, तेव्हा आजचा नेपाळ अस्तित्वात नव्हता. पश्चिमेकडे बाविशी आणि चोविशी म्हणून ओळखली जाणारी छोटी राज्ये होती. काठमांडूच्या खोऱ्यात मल्ल राजांची तीन राज्ये परस्परांशी झुंजत होती. दक्षिणेत ईस्ट इंडिया कंपनीची पावले बंगालात रोवली गेली होती. १७६७ साली काठमांडूच्या मल्ल राजाने कंपनीची मदत मागितली आणि कॅप्टन किनलॉकची तुकडी डोंगर चढू लागली. सिंधुलीच्या परिसरात गोरख्यांनी तिला परतवून लावले. १७६८ साली इंद्रजात्रेच्या दिवशी काठमांडू आणि १७६९ साली भक्तपूर गोरख्यांच्या हाती आले. खोऱ्यातील कापुचिन मिशनऱ्यांनाही देश सोडावा लागला. दोन शिळांमध्ये सापडलेल्या कंदासारखे आपले राज्य आहे, हे भान या राजाला होते. चार वर्ण आणि छत्तीस जातींची ही बाग आहे, अशी त्याची राज्यकल्पना होती. भारतीय उपखंडातील एकेक संस्थान कंपनीच्या छत्राखाली जात असताना नेपाळ स्वतंत्र राहिला. त्याचा पाया इथे आहे.

२००६ च्या एप्रिलमधील जनआंदोलनापुढे राजे ज्ञानेंद्र झुकले. त्याच वर्षी मे महिन्यात पुनरुज्जीवित संसदेने नेपाळला धर्मनिरपेक्ष घोषित केले. जगातील एकमेव हिंदू राष्ट्राची ही ओळख जनतेचा कौल न घेताच पुसली गेली. पाठोपाठ राष्ट्रगीत बदलले आणि नोटांवरील राजाच्या जागी सगरमाथा आला. २८ मे २००८ रोजी राजसंस्थाच संपुष्टात आली. या झंझावातात पृथ्वीनारायण यांच्या पुतळ्यांवरही हल्ले झाले. ज्ञानेंद्रांवरच्या रागाची किंमत अडीचशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाने मोजली. राजा आणि राष्ट्रनिर्माता यांत फरक असतो, हे विवेकाचे भान त्या वेळी डाव्यांना नव्हते आणि त्यांच्यामागे फरफटत गेलेल्या इतर पक्षांनीही दाखवले नाही.

तरीही सारा दोष माओवाद्यांवर टाकून मोकळे होणे सोपे असले, तरी ते पुरेसे नाही. कीर्तिपूरच्या नेवारांच्या स्मृतीत गोरख्यांचा विजय म्हणजे नाके कापण्याची शिक्षा. जनजाती आणि मधेशी समाजांना एकीकरणाची कथा ही आपल्यावरील विजयाची कथा वाटते. पंचायत काळात ‘एकता’ म्हणजे एक भाषा आणि एक वेश, असा अर्थ राज्यकर्त्यांनी लावला. छत्तीस जातींच्या बागेत एकाच फुलाला पाणी मिळाले. बाकीची रोपे कोमेजली आणि नेमक्या त्याच कोरड्या मातीत विघटनाचे बी पेरणाऱ्यांना जागा मिळाली. हा धडा कटू असला, तरी हिंदू संघटनेच्या कामात असलेल्यांनी तो दृष्टीआड करू नये.

या दिवसाच्या दुबळेपणाचे आणखी एक कारण आहे. तो राजवाड्याच्या आणि सरकारी आदेशाच्या आधारावर उभा होता. आधार निघाला आणि दिवस कोसळला. याउलट देश धर्मनिरपेक्ष झाला म्हणून दशैंचा टिळा थांबला नाही, तिहारचे दिवे विझले नाहीत आणि पशुपतिनाथाची महाशिवरात्र ओस पडली नाही. हे सण कुटुंबाने आणि समाजाने जपलेले आहेत.

महाराष्ट्राला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. साताऱ्याची गादी १८४८ साली इंग्रजांनी खालसा केली होती. सत्ता परकी होती, सुट्टीचा प्रश्नच नव्हता. तरीही लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १८९६ साली रायगडावर शिवरायांचा उत्सव उभा राहिला आणि गावोगाव पसरला. राजा नव्हता, राज्य नव्हते. पण समाजाने शिवराय आपले मानले होते. शिवजयंती सत्तेच्या कृपेने जन्मली नाही, म्हणून कोणतीही सत्ता तिला संपवू शकली नाही.

नेपाळशी असलेले नातेही असेच समाजाच्या पातळीवर जपण्याची दृष्टी श्रीगुरुजींनी ठेवली होती. १९६५ च्या मकरसंक्रांतीसाठी त्यांनी राजे महेंद्र यांना नागपूरला निमंत्रित केले होते. राजांनी ते स्वीकारलेही. पण दिल्लीच्या अनुत्साहामुळे ती भेट घडली नाही. सरकारांची गणिते बदलत राहतात, समाजांचे संबंध मात्र टिकवावे लागतात.

काळाचा न्याय कधीकधी विलक्षण असतो. माओवादी नेते पुष्पकमल दहल ‘प्रचंड’ पंतप्रधान असतानाच, जानेवारी २०२३ मध्ये, पृथ्वी जयंतीची सुट्टी सोळा वर्षांच्या खंडानंतर परत आली. ज्यांच्या चळवळीने सिंहासन उलथवले, त्यांनाच सिंहासनाच्या संस्थापकाची आठवण मान्य करावी लागली. पण सुट्टी परत आली म्हणून एकात्मता परत आली, असे झाले नाही. ९ सप्टेंबर २०२५ रोजी तरुणांच्या उद्रेकात सिंहदरबार पेटला आणि संसद भवनही जळाले. या आंदोलनात सत्तरहून अधिक जीव गेले. भ्रष्टाचाराने आणि सततच्या सत्ताबदलांनी विटलेल्या त्या पिढीला उंचावलेल्या तर्जनीचा अर्थ कोणी समजावूनच दिला नव्हता.

भारतातही २०१४ पासून ३१ ऑक्टोबरला, सरदार पटेलांच्या जयंतीला, राष्ट्रीय एकता दिवस साजरा होतो. आज शासन अनुकूल आहे, म्हणून दौड होते आणि शपथ घेतली जाते. परंतु शासन नेहमीच अनुकूल असेल, असे गृहीत धरता येत नाही. सरदारांनी साडेपाचशेहून अधिक संस्थाने कशी जोडली, ही कथा घराघरांत, शाखेत आणि वस्तीतल्या मुलांपर्यंत पोचली, तरच हा दिवस आदेशाशिवायही जगेल. आणि त्या कथेत वनवासी, भटके, सीमेवरचे असे सर्व बंधू स्वतःला पाहू शकले, तरच तो त्यांचाही होईल. सुट्टी शासन देते आणि काढूनही घेते. दिवस मात्र समाजालाच जपावा लागतो.