उपविजयी कीं पराभूत?

वार्षिक क्रीडामहोत्सव आटोपून मुलगा घरीं परतला म्हणजे उंबरठ्यावरच त्यास प्रश्न येतो, "कितवा आलास?" दुसरा आलों असें त्यानें सांगितलें कीं पुढील प्रश्नही ठरलेलाच, "मग पहिला कोण आला?" आईबाप हें प्रेमानेंच विचारतात, यांत संशय नाहीं. परंतु या दोन प्रश्नांच्या मध्यें त्या मुलाची महिना दोन महिन्यांची मेहनत कोठच्या कोठें नाहींशी होते, इकडे आमचें लक्ष क्वचितच जातें. बेट्टी स्टोव्हे या डच टेनिसपटूच्या कारकीर्दीची हकीकत वाचतांना ही गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या मनांत वारंवार आली, म्हणून विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें ती हकीकत मांडण्याचें योजिलें आहे.

ही बाई टेनिसच्या व्यवसायांतून निवृत्त होऊन आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. जगाला तिची जी ओळख राहिली आहे ती एवढीच कीं, १९७७ सालीं विंबल्डन येथें ती एकेरी, दुहेरी व मिश्र दुहेरी या तिन्ही प्रकारांत अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचली आणि तिन्ही सामने हरली. ही ओळख खोटी नव्हे. पण ती अपुरी आहे, आणि अपुरेपणामुळें अन्यायाची आहे, असें आमचें मत आहे.

बेट्टीचा जन्म २४ जून १९४५ रोजीं रॉटरडॅम येथें झाला. त्या शहराचा मध्यभाग १९४० च्या मे महिन्यांत जर्मन विमानांनीं बेचिराख केला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडच्या पश्चिम भागांत हजारों माणसें अन्नावांचून मेलीं. ५ मे १९४५ रोजीं देश मुक्त झाला व त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनीं ही मुलगी जन्मास आली. अशा काळांत जन्मलेल्या मुलीनें पुढें जगांतील थोर खेळाडूंच्या पंक्तींत बसावें, हेंच मुळांत लहानसहान नव्हे.

आतां त्या १९७७ च्या विंबल्डनकडे वळूं. स्पर्धेस त्या वर्षीं शंभर वर्षें पूर्ण झालीं होतीं, आणि राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचेंही तेंच वर्ष. बेट्टीनें प्रथम मार्टिना नवरातिलोव्हा हिला हरविलें. हीच मार्टिना त्या स्पर्धेंत दुहेरीच्या खेळांत तिची जोडीदारीण होती! म्हणजे एके दिवशीं जिला जाळ्यापलीकडे पाहून तिच्या उणिवा हेरावयाच्या, दुसरे दिवशीं तिच्याच शेजारीं उभें राहून तिच्या उणिवा झांकावयाच्या. पुढें उपांत्य सामन्यांत तिनें इंग्लंडच्या सू बार्करचा पराभव केला, आणि १ जुलै रोजीं अंतिम सामन्यांत तिच्यासमोर आली व्हर्जिनिया वेड, तीही इंग्लंडचीच.

व्हर्जिनियाही १९४५ चीच, बेट्टीहून सोळा दिवसांनीं धाकटी. सोळाव्या प्रयत्नांत ती या अंतिम सामन्यास पोहोंचली होती. प्रत्यक्ष राणीसाहेब आसनस्थ होत्या व सारें प्रेक्षागार आपल्या देशभगिनीचा विजय इच्छीत होतें. अशा ठिकाणीं परक्या देशच्या खेळाडूनें पहिला डाव ६-४ असा जिंकला, याला केवळ मनगटाचें बळ पुरत नाहीं. पुढील दोन डाव मात्र व्हर्जिनियानें ६-३, ६-१ असे घेतले. राणीच्या हस्तें तिला पारितोषिक मिळालें, लोकांनीं आनंदानें गाणें म्हटलें. त्या जल्लोषांत बेट्टी बाजूला उभी होती. दुहेरींत ती व मार्टिना यांस हेलन कॉली व जोॲन रसेल यांनीं हरविलें. मिश्र दुहेरींत पहिला डाव जिंकूनही ती व फ्र्यू मॅकमिलन यांस हार खावी लागली.

यानंतर एखाद्यानें खेळाची रजाच घेतली असती. बेट्टीनें त्याच वर्षीं सप्टेंबरांत अमेरिकन खुल्या स्पर्धेंत त्याच मार्टिनाबरोबर दुहेरीचें व त्याच मॅकमिलनबरोबर मिश्र दुहेरीचें अजिंक्यपद मिळविलें. ज्यांच्यासह हार झाली त्यांना सोडून नवे सोबती शोधण्याची घाई तिनें केली नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेषेंकरून ध्यानांत घ्यावें. आमच्याकडे एक सामना गेला कीं "तुझ्यामुळें गेला" हें वाक्य मैदानाबाहेर पडण्याच्या आधींच ऐकूं येतें! १९७८ सालीं विंबल्डन येथेंच तिनें मॅकमिलनसह मिश्र दुहेरी जिंकली, आणि १९८१ सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, पुन्हां जिंकली. हा मॅकमिलन दक्षिण आफ्रिकेचा, पांढरी टोपी घालून दोन्ही बाजूंचे फटके दोन्ही हातांनीं मारणारा. त्याच्याशीं जुळवून घेण्याची कला बेट्टीस चांगलीच साधली होती.

दुहेरीचा खेळ पाहणारास सोपा वाटतो. एकेरीचें मैदान सत्तावीस फूट रुंद असतें, दुहेरीचें छत्तीस. माणसें दुप्पट पण जागा दीडपटही नाहीं, तेव्हां प्रत्येकाचें काम हलकें, असा हिशेब कोणीही करील. खरी अडचण मध्यभागीं येणाऱ्या चेंडूची असते. तो कोणाचा? दोघेही धांवले तर बॅटीला बॅट लागते, दोघेही थांबले तर गुण जातो. तो निर्णय निमिषांत, बहुधा न बोलतां व्हावा लागतो. शेजाऱ्याचें मन ओळखण्याची ही विद्या बेट्टीपाशीं किती होती, हें तिच्या जोडीदारिणींच्या नांवांवरूनच दिसतें. १९७२ सालीं बिली जीन किंगबरोबर तिनें फ्रेंच स्पर्धा व विंबल्डन जिंकलें. त्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत जी फ्रांस्वाझ द्यूर प्रतिपक्षांत होती, तिलाच सोबत घेऊन त्याच वर्षीं तिनें अमेरिकन स्पर्धा जिंकली, आणि तेथें हरलेल्या जोडींत मार्गारेट कोर्ट होती व हीच व्हर्जिनिया वेड होती. पुढें १९७९ सालीं वेंडी टर्नबुलसह फ्रेंच व अमेरिकन स्पर्धा. एकूण चार मोठ्या स्पर्धांचीं दुहेरीचीं सहा व मिश्र दुहेरीचीं चार मिळून दहा अजिंक्यपदें तिच्या नांवावर आहेत. आणि जगास स्मरतात ते हरलेले तीन सामने!

कोणी म्हणेल, दुहेरीचें यश तें अर्धेंच. खरा कस एकेरींत लागतो. एकेरींत माणूस एकटा असतो हें कबूल. परंतु शाळा सोडल्यावर आमच्या मुलामुलींपैकीं कितीजणांना एकट्यानें खेळावयाचें आहे? कचेरींत, कारखान्यांत, इस्पितळांत, घरांत सर्वत्र शेजारीं कोणीतरी उभें असतें व मधला चेंडू यावयाचाच असतो. मग शिक्षणांत एकेरीचेंच एवढें कौतुक कां?

खेळणें संपल्यावर बेट्टीनें शिकविण्याचें काम अंगावर घेतलें. झेकोस्लोव्हाकियाची हाना मांदलिकोव्हा ही तिची नामांकित शिष्या. १९८५ सालीं अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत हानानें मार्टिना नवरातिलोव्हा हिचा ७-६, १-६, ७-६ असा पराभव केला. गुरूस जें एकेरीचें पद कधीं लाभलें नाहीं, तें शिष्येनें गुरूच्याच जुन्या जोडीदारिणीकडून मिळविलें.

या संदर्भांत चालकांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. शाळेच्या वार्षिकांत क्रीडास्पर्धांचा निकाल छापतांना विजेत्यांच्या नांवाखालीं उपविजेत्यांचींही नांवें, आणि जोडीच्या खेळांत दोघांचींही, पूर्ण छापावींत. कागद फार तर अर्धें पान अधिक लागेल. आणि पालकांनीं पुढील महोत्सवाच्या संध्याकाळीं "कितवा आलास?" हें विचारण्यापूर्वीं "कोणाबरोबर खेळलास?" एवढें विचारून पाहावें.