दोघंही सारखेच, म्हणे!

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतला, १० जानेवारी १९६९ ला दाखवलेला एक भाग परवा पुन्हा पाहिला. चेरॉन ग्रहावरचे दोन इसम, बील आणि लोकाय. दोघांचीही तोंडं मधोमध उभी वाटलेली, अर्धं काळंभोर, अर्धं पांढरंफेक. बील उजवीकडून काळा, लोकाय डावीकडून. बस्स, एवढ्यावर एक मालक नि दुसरा गुलाम! लोकाय बंड करून पळालेला आणि हा बील ५०,००० वर्षं त्याच्या मागावर.

अंतराळयानाच्या कप्तान कर्कला हा फरक दिसतच नाही. बीलला तो समजावून सांगावा लागतो. इथपर्यंत लेखकाला सलाम. जात डोळ्यांना दिसत नसते, ती पढवावी लागते.

पण पुढं? कर्क महाराजांचं प्रवचन. द्वेष सोडा, दोघांनीही!

का म्हणून दोघांनी? लोकाय ओरडून सांगतोय, आम्हाला घरातनं ओढून विकलं. बील म्हणतो, अहो, यांना तर आम्हीच शिकवलं. त्यावर लोकायचा जवाब ऐका: शिकवलं, मालकाची चाकरी करण्यापुरतं! आता या दोघांना एका तराजूत घालणारा कप्तान कुणाचा माणूस, दोस्तहो?

वर खलाशी चेकॉव्ह म्हणतो, असला छळ पृथ्वीवरही व्हायचा, इतिहासाच्या तासाला वाचलाय. च्यायला! ‘आता कुठं राहिलीय जात?’ म्हणणारे आपल्या हापिसातले पांढरपेशे यानात कधी चढले?

(आणि दोन्ही नट गोरेच. गुलामाचं सोंगसुद्धा गोऱ्यानंच घ्यायचं.)

हा भाग दाखवायच्या ११ महिने आधी, १ फेब्रुवारी १९६८ ला, मेम्फिस शहरात कचऱ्याच्या ट्रकमध्ये दोन काळे सफाई कामगार चिरडून मेले. कामगारांनी संप केला. गळ्यात पाट्या घातल्या, मी माणूस आहे. त्यांना साथ द्यायला मार्टिन ल्यूथर किंग गेले, ४ एप्रिलला गोळी खाऊन पडले. त्या दोघांनी कुणाचा द्वेष केला होता? ट्रकचा?

१९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ ला मुंबईत दलित पँथर. आपल्या पोरांनी नाव उचललं ते लोकायच्या बाजूचं. तेव्हाही उपदेश हाच होता, भडक बोलू नका, समाजात तेढ माजेल. जसं काही तेढ आपणच माजवली!

शेवटी कळतं, चेरॉनवर एक माणूस जिवंत नाही. कप्तान म्हणतो, द्वेषानं मेले. गुलामीनं मेले म्हणायला त्याची जीभ का जड होते?