नोकरी सोडू नका, लेखणीही सोडू नका



आपल्या शाळेतून शिकून गेलेली मुले आज सुरतभर विखुरली आहेत. कोणी उधना-पांडेसऱ्याच्या कारखान्यात पाळी करतो, कोणी रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये हिशेब लिहितो, कोणी बँकेत आहे, कोणी शिक्षिका आहे. यांच्यापैकी काहींच्या कपाटात चित्रपटाच्या पटकथेची एक वही लपवून ठेवलेली असते. ‘लपवून’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. घरच्यांना कळले तर ते म्हणतात, “हे नसते उद्योग कशाला? पोट भरणार आहे का त्याने?” मित्रांना कळले तर ते म्हणतात, “मग इथे काय करतोस? नोकरीला रामराम ठोक आणि मुंबई गाठ.” या दोन सल्ल्यांच्या कात्रीत ती वही वर्षानुवर्षे कपाटातच राहते.

आमचे मत असे की, हे दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. पटकथा लिहिण्यासाठी आणि ती निर्मात्याला ऐकवण्याची तयारी करण्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. उलट, पहिली काही वर्षे तरी ती सोडू नये.

हे आम्ही हवेत बोलत नाही. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करीत होते. ती नोकरी चालू असतानाच त्यांनी ‘महानिर्वाण’ हे नाटक लिहिले आणि १९७७ च्या ‘जैत रे जैत’ या चित्रपटाची पटकथाही लिहिली. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे दौंडला दवाखाना चालवणारे बालरोगतज्ज्ञ. विजय तेंडुलकरांनी उमेदवारीची कितीतरी वर्षे वृत्तपत्रांत आणि मासिकांत नोकरी केली. त्यांनीच ‘मंथन’ची पटकथा लिहिली. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून १९७६ साली उभा केलेला हा चित्रपट. त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०२४ साली कान महोत्सवात त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. आपण ज्या राज्यात राहतो त्या राज्याची कथा एका मराठी लेखकाने लिहिली, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असायला हवी.

नोकरीचा पहिला फायदा उघड आहे. महिन्याचा पगार हातात असलेला लेखक निर्मात्यासमोर लाचार होत नाही. “तुझे नाव देत नाही, पण पाच हजार घे” असे कोणी म्हटले, तर तो शांतपणे उठून येऊ शकतो. ज्याच्या खोलीचे भाडे थकले आहे, त्याला हे जमत नाही.

दुसरा फायदा त्याहून मोठा. नोकरी ही लेखकाची सामग्री आहे. बारा तासांच्या पाळीनंतर कानात राहणारा मागांचा खडखडाट, तागे मोजणाऱ्या माणसाची बोटे, नंदुरबार-धुळे-जळगावहून आलेल्या आणि घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, कामावर हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांची भाषा, हे सारे आपल्या मुलांना आतून माहीत आहे. पडद्यावर हे जग आमच्या पाहण्यात फारसे आलेले नाही. मुंबईत खोली घेऊन बसलेल्या कोणा लेखकाला ते बाहेरून सुचणार नाही.

आता तयारीविषयी. चित्रपटाच्या धंद्यात पटकथा आधी वाचली जात नाही, ती ऐकवली जाते. त्याला ‘नॅरेशन देणे’ म्हणतात. समोरच्या माणसाकडे कधी दहा मिनिटे असतात, कधी दोन तास. म्हणून लेखकाजवळ चार गोष्टी तयार हव्यात. कथा एका वाक्यात सांगता आली पाहिजे: कोणाला काय हवे आहे आणि आडवे काय येते. दोन पानांचा सारांश हवा, शेवटासकट. कारण शेवट लपवून निर्मात्याची उत्सुकता वाढत नाही, शंका वाढते. प्रसंगांची ओळीने यादी हवी. आणि पूर्ण पटकथा हवी. साधारणपणे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट असा हिशेब धरतात. रोज अर्धे पान लिहिले तर १२० पानांची पटकथा आठ महिन्यांत होते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण या कामाला अगदी लागू पडते.

सांगण्याची कला आपल्याकडे नवी नाही. चांगला कीर्तनकार पोथी वाचून दाखवत नाही. श्रोत्यांची नजर कुठे ढळते हे तो पाहतो आणि तिथेच आख्यानाला वळण देतो. पटकथा ऐकवणाऱ्यानेही हेच करायचे असते.

आणि केवळ शब्दांवर भागत नसेल, तर काही दाखवावे. याचे सर्वांत जुने उदाहरण आपलेच आहे. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, काही काळ त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला. १९१२ साली चित्रपटासाठी भांडवल हवे होते, तेव्हा त्यांनी धनिकांसमोर नुसते भाषण केले नाही. कुंडीत वाटाणा पेरला, रोपाची वाढ कॅमेऱ्याने थोडी थोडी टिपली आणि अंकुर झरझर वाढतानाचा छोटासा चित्रपट करून दाखवला. त्यावरून त्यांना कर्ज मिळाले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. सत्यजित राय कोलकात्याच्या एका जाहिरात कंपनीत नोकरीला होते. ‘पथेर पांचाली’चे प्रसंग त्यांनी एका वहीत चित्रांनी काढले आणि ती वही घेऊन ते निर्मात्यांकडे गेले. निर्मात्यांनी नकार दिला, तरी त्यांनी नोकरी सोडली नाही. १९५२ साली चित्रण सुरू केले तेही सुटीच्या दिवशी. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला आणि १९५५ मध्ये चित्रपट लागला. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असलेल्या आजच्या काळात दोन मिनिटांचा एक प्रसंग चित्रित करून नेणे कोणालाही अवघड नाही.

पालकांना फसवणुकीची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. म्हणून तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. एक, आपल्या कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, लिहिलेल्या मांडणीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले. तेव्हा आधी लिहा, मग सांगा. दोन, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद व्हा आणि पटकथेची नोंदणी करूनच ती बाहेर काढा. ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. तीन, पटकथेचे पैसे लेखकाला मिळायचे असतात, लेखकाने द्यायचे नसतात. जो निर्माता पैसे मागेल, त्याला लांबूनच नमस्कार करावा. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी सेवानियम पाहून वरिष्ठांना लेखी कळवावे. कंपनीत असणाऱ्यांनी नेमणुकीचे पत्र नीट वाचावे.

काहीजण म्हणतील, कलेला सारे आयुष्य द्यावे लागते, दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही. यात तथ्य आहे. चित्रपट खरोखर उभा राहू लागला की रजा काढावी लागते, कधी नोकरीही सोडावी लागते. तो निर्णय त्या वेळी, हातात लेखी करार असताना घ्यावा. वही अर्धी असताना घेऊ नये. तोवर सुरत काही फार दूर नाही. फ्लाइंग राणी पहाटे इथून निघते आणि संध्याकाळी मुंबईहून परत निघते. एका दिवसाच्या रजेत एक नॅरेशन होऊ शकते. शिवाय आपल्या मुलांना मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांचे दरवाजे उघडे आहेत. ‘हेल्लारो’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘छेल्लो शो’ २०२२ साली भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला, तेव्हापासून गुजराती चित्रपटाकडेही देश नव्याने पाहू लागला आहे.

आता विश्वस्त मंडळींना एक विनंती. रविवारी आपल्या शाळेचे वर्ग रिकामे असतात. महिन्यातून दोन रविवार, सकाळी दोन तास, एक वर्ग लिहिणाऱ्यांसाठी उघडावा. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, नववी-दहावीची मुले, ज्याला ऐकायचे असेल त्याने यावे. लेखकाने दहा मिनिटांत कथा सांगावी. ऐकणाऱ्यांनी ‘वा वा’ करू नये, ‘हे जमणार नाही’ असेही म्हणू नये. आपले लक्ष कुठे उडाले आणि काय कळले नाही, एवढेच सांगावे. खर्च म्हणाल तर विजेचा आणि चहाचा. मोठ्या शहरांत पटकथेच्या कार्यशाळांसाठी हजारो रुपये मोजावे लागतात. आपल्या घरांना ते परवडत नाहीत, म्हणून हा वर्ग हवा.

पालकांनाही एवढेच सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी रात्री जेवणानंतर तासभर लिहीत बसली, तर दिवा बंद करायला सांगू नका. सगळ्यांच्या पटकथांचे चित्रपट होणार नाहीत, बहुतेकांच्या होणारच नाहीत. पण जो आपल्या गल्लीतल्या माणसांची गोष्ट आठ महिने नेटाने लिहितो आणि चार लोकांसमोर उभे राहून न अडखळता सांगतो, तो कापड मार्केटमध्येही वेगळा दिसतो. आणि एखाद्याचा चित्रपट झालाच, तर आपल्या लिंबायत-डिंडोलीची माणसे आपल्याच बोलीत पडद्यावर बोलतील. त्यासाठी ती वही आधी कपाटाबाहेर यायला हवी.